ट्रॅक्टरच्या बेताने ट्रेलरचा भार

बैलगाडीत किती भार घालावयाचा हे बैलच सांगत असत. चढावर पाय रोवून ते उभे राहिले की गाडीवान चार मोळ्या खाली उतरवीत असे. ट्रॅक्टर अशी तक्रार करीत नाही. पहिल्या गिअरमध्ये तो आपल्या वजनाच्या चौपट-पाचपट ओझेही हलवितो, आणि त्यामुळेच गळिताच्या हंगामात ऊस वाहणाऱ्या शेतकऱ्याची फसगत होते. जे ओढता येते ते उतारावर थांबविताही येईल, असे तो धरून चालतो.

याचा हिशेब अवघड नाही. साधारणपणे 45 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन 2 टन धरले, तर त्यापैकी सुमारे सव्वा टन मागील चाकांवर येते. अशा बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेकही मागील चाकांवरच असतात. कोरड्या डांबरी सडकेवर ही चाके फार तर 850 किलोंचा रोध करू शकतात. इंजिन किती जोरकस आहे याचा तेथे संबंध नाही. एकट्या ट्रॅक्टरला तेवढा रोध पुष्कळ झाला. ताशी 20 किलोमीटर वेगाने जाणारा ट्रॅक्टर ब्रेक दाबल्यावर चार-पाच मीटरांत उभा राहतो. मागे बिनब्रेकचा, भरून 8 टनांचा ट्रेलर जोडला म्हणजे तेवढ्याच रोधाने 10 टन आवरावे लागतात. सपाट रस्त्यावर त्यास सुमारे 19 मीटर लागतात. दर 20 मीटरांस 1 मीटर असा उतार असेल, तर 500 किलोंचा रेटा गाडीला पुढे ढकलीत असतो, रोधाचे अवघे 350 किलो उरतात, आणि अंतर 45 मीटरांवर जाते. वेग 30 असल्यास तेच 100 मीटर होते. रस्ता ओला व चिखलाचा होऊन चाकांची पकड निम्म्यावर आली, तर ब्रेक पुरता दाबूनही गाडी थांबणार नाही. ट्रेलर मागून रेटतो, ट्रॅक्टर आडवा होतो, आणि चालकाच्या हाती काही राहत नाही.

एकामागे एक दोन ट्रेलर जोडण्याची रीत ऊसपट्ट्यात सर्रास दिसते. वरील आकडे पाहता तिच्याविषयी निराळे सांगावयास नको. ट्रेलर विकत घेताना खर्च वाचविण्यासाठी ब्रेक वगळणे ही खोटी काटकसर होय. ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक असले म्हणजे त्याचा भार त्याचीच चाके आवरतात.

चढावर धोका निराळा. दोन चाकी ट्रेलरचा काही भार हुकावर येतो. ऊस पुढील बाजूस अधिक रचला तर ट्रॅक्टरचे पुढले टोक हलके होऊन सुकाणू लागेनासे होते. ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढील चाकांवर राहिला पाहिजे. जरूर तर पुढे वजने लावावीत. उलट, मागे जास्त रचल्यास हुक वर उचलला जाऊन मागील चाकांची पकड सुटते. चार चाकी ट्रेलरमध्ये ही अडचण फारशी नसते. ट्रेलर नेहमी खालच्या हुकालाच जोडावा. टॉप लिंकच्या जागी साखळी अडकवून रुतलेली गाडी ओढू पाहणाऱ्याचा ट्रॅक्टर मागे उलटतो, व तो इतक्या त्वरेने उलटतो की चालकास उडी मारण्यास सवड मिळत नाही.

आपला ट्रेलर भरून किती होतो, हे अंदाजाने ठरवू नये. कारखान्याच्या वजनकाट्यावर भरल्या व रिकाम्या गाडीचे वजन होतेच. ती पावती फेकून न देता नोंदणीपुस्तकातील मर्यादेशी ताडून पाहावी. मोटार वाहन अधिनियम, 1988 अन्वये या मर्यादेपलीकडे भार वाहणे गुन्हा आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यास 20,000 रुपये व वर प्रत्येक जादा टनास 2,000 रुपये दंड सांगितला आहे.

रस्त्यावर निघण्यापूर्वी ब्रेकचे दोन्ही पायटे खिटीने एकत्र जोडावेत. शेतात वळण्यासाठी ते मोकळे ठेवलेले असतात, आणि सडकेवर एकच दाबला गेला तर गाडी एका अंगास झटकन् ओढली जाते. उतार लागण्याआधीच खालचा गिअर घ्यावा. उतारावर क्लच दाबू नये, आणि डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची खोड तर चालकास मुळीच लागू देऊ नये. ऊस बाजूंस लोंबत असल्यास मागील लाल परावर्तक झाकले जातात. रात्रीच्या खेपेपूर्वी ते पुसून, दिसतील अशा बेताने मोळ्या बांधाव्यात.