शत्रू सातासमुद्रापार, संशय शेजाऱ्यावर

जून 1944. दोस्त राष्ट्रांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या होत्या. पॅसिफिक महासागरात जपानशी घनघोर युद्ध चालले होते. त्याच महिन्यात अमेरिकेत एक जनमत चाचणी झाली. देशातला कोणता धार्मिक, वांशिक किंवा राष्ट्रीय गट अमेरिकेला धोका वाटतो, असा प्रश्न होता. 9 टक्के लोकांनी जपान्यांचे नाव घेतले, 6 टक्क्यांनी जर्मनांचे आणि 24 टक्क्यांनी ज्यूंचे.

म्हणजे हिटलरशी लढणाऱ्या देशात, हिटलरने ज्यांचा संहार मांडला होता तेच लोक सर्वांत धोकादायक वाटत होते. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे उमगणे कठीण आहे. आपल्याकडे बेने इस्राएली समाज कोकणात शतकानुशतके तेलघाणे चालवत राहिला आणि त्याला ज्यू म्हणून शेजाऱ्यांचा छळ सोसावा लागला नाही. त्यामुळे दूरच्या युद्धाची झळ एखाद्या देशातल्या ज्यूंना कशी लागते, हे क्रमाने समजून घ्यायला हवे.

लोकांच्या मनातले कसे कळते?

जॉर्ज गॅलप यांनी 1935 मध्ये जनमत चाचण्यांची संस्था काढली. पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक होती. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने वीस लाखांहून अधिक उत्तरे जमवून अध्यक्ष रूझवेल्ट हरणार, असे भाकीत केले. गॅलप यांचा नमुना त्या मानाने खूपच लहान, पण विचारपूर्वक निवडलेला होता. त्यांनी रूझवेल्ट जिंकणार म्हणून सांगितले आणि तसेच झाले. तेव्हापासून या चाचण्यांना वजन आले.

त्या काळच्या पद्धतीत उणिवा होत्याच. गरीब माणसे आणि दक्षिणेतले कृष्णवर्णीय त्यांत कमी सापडत. त्यामुळे एखाद्या आकड्यापेक्षा त्याच प्रश्नाची वर्षानुवर्षे आलेली उत्तरे अधिक विश्वासाची. प्रश्न काय होता, हेही पाहावे लागते. ‘गेल्या सहा महिन्यांत ज्यूंविरुद्ध काही बोललेले ऐकले का?’ हा प्रश्न उत्तर देणाऱ्याचा स्वतःचा द्वेष मोजत नाही, भोवतालची कुजबुज मोजतो. 1940 मध्ये 46 टक्के लोकांनी होय म्हटले, 1946 मध्ये 64 टक्क्यांनी. युद्धाच्या काळात ही कुजबुज वाढत गेली होती.

कणव होती, दार मात्र बंद

9 आणि 10 नोव्हेंबर 1938 रोजी जर्मनीत ज्यूंची दुकाने फोडली गेली, सिनेगॉग जाळले गेले. अमेरिकी वृत्तपत्रांनी ठळक बातम्या दिल्या. गॅलपच्या चाचणीत 94 टक्के लोकांनी नाझींच्या या वागणुकीचा निषेध केला. मग ज्यू निर्वासितांना जास्त संख्येने अमेरिकेत येऊ द्यावे का, असे विचारले तेव्हा 72 टक्क्यांनी नाही म्हटले.

ही दोन्ही उत्तरे एकाच मनातून येऊ शकतात. अत्याचार करणाऱ्याचा निषेध करायला पदरचे काही जात नाही. निर्वासिताला जागा देताना मात्र नोकरीतला वाटेकरी येईल, ही भीती असते आणि मंदीने गांजलेल्या अमेरिकेत ती खरीखुरी होती. पण सगळे मंदीवर ढकलता येत नाही. एप्रिल 1938 मध्येच 54 टक्के लोकांनी युरोपातल्या ज्यूंच्या छळाला काही अंशी ज्यूच जबाबदार आहेत, असे सांगितले होते. ज्याच्यावर आपत्ती आली त्यालाच दोषी ठरवले की मदतीचे ओझेही उतरते.

याचे परिणाम जिवावर बेतले. 1924 च्या कायद्याने ठरवलेल्या स्थलांतरितांच्या कोट्यात वाढ झाली नाही. कोट्याबाहेर वीस हजार मुलांना आश्रय देणारे वॅग्नर-रॉजर्स विधेयक 1939 मध्ये बारगळले. त्याच वर्षी ‘सेंट लुईस’ जहाज 937 प्रवाशांना घेऊन हॅम्बर्गहून क्युबातल्या हवानाला पोहोचले. त्यांतले बहुतेक ज्यू होते. मोजक्या लोकांनाच तिथे उतरू दिले. जहाज फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळून फिरले, तरीही अमेरिकेने आसरा दिला नाही. युरोपात परतलेल्यांपैकी 254 जण पुढे नरसंहाराच्या काळात मारले गेले.

जुना आरोप नव्या युद्धाला चिकटतो

दूरचे युद्ध द्वेषाला जन्म देतेच असे नाही, बहुधा ते आधीपासून असलेल्या द्वेषाला कारण पुरवते. ज्यू गुप्तपणे जगाची सूत्रे हलवतात, असे सांगणारा ‘प्रोटोकॉल्स’ हा मजकूर बनावट असल्याचे लंडनच्या ‘द टाइम्स’ने 1921 मध्येच दाखवून दिले होते. तरी मोटारसम्राट हेन्री फोर्ड यांच्या ‘डिअरबॉर्न इंडिपेंडंट’ या वृत्तपत्राने त्याचा प्रचार केला. 1938 मध्ये फादर चार्ल्स कॉग्लिन या कॅथलिक धर्मगुरूंनी तो आपल्या ‘सोशल जस्टिस’ या नियतकालिकात छापला. रेडिओवर कॉग्लिन यांना लाखो श्रोते होते.

मग प्रतिष्ठित माणूस तेच उघडपणे बोलतो. अटलांटिक एकट्याने ओलांडणारे वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग हे अमेरिकेने युद्धात उतरू नये म्हणणाऱ्या ‘अमेरिका फर्स्ट’ समितीचे मुख्य वक्ते होते. 11 सप्टेंबर 1941 रोजी आयोवातल्या डे मॉइन येथे त्यांनी तीन गट अमेरिकेला युद्धात ओढत असल्याचे सांगितले: ब्रिटिश, ज्यू आणि रूझवेल्ट सरकार.

इथे एक भेद नीट ध्यानात घ्यायला हवा. युद्धाला विरोध करणे हा ज्यूद्वेष नव्हे. ‘अमेरिका फर्स्ट’मध्ये पहिल्या महायुद्धाचा संहार पाहून युद्धाचा वीट आलेली प्रामाणिक माणसेही होती. युद्धावर किती खर्च होईल, किती माणसे मरतील, देशाचे हित कशात आहे, हा वाद रास्तच. पण लिंडबर्ग यांनी ज्यू नागरिकांना अमेरिकी जनतेपासून वेगळे काढले आणि त्यांचे हित देशाच्या हिताहून निराळे असल्याचे सुचवले. त्यामुळे धोरणावरचा वाद एका समाजावरचा आरोप झाला. हीच कसोटी आजही लावता येते. एखाद्या सरकारच्या युद्धनीतीवर कितीही कठोर टीका व्हावी, पण तिचा जाब दुसऱ्या देशातल्या ज्यू दुकानदाराला, विद्यार्थ्याला किंवा सिनेगॉगला विचारला जाऊ लागला की ती टीका उरत नाही.

लिंडबर्ग यांच्या भाषणाचा वृत्तपत्रांनी आणि दोन्ही पक्षांच्या नेत्यांनी जोरदार निषेध केला. तीन महिन्यांत जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि समिती बरखास्त झाली. पण संशय बरखास्त झाला नाही.

अफवांचा काळ

युद्धात उतरलेल्या देशात मुले आघाडीवर जातात, साखर-पेट्रोल रेशनवर मिळते, घरोघरी चिंता असते. खरा शत्रू हाताला लागत नाही. मग राग काढायला जवळचे कोणीतरी शोधले जाते. ज्यू सैन्यात जाणे टाळतात, काळाबाजार करतात, अशा अफवा कारखान्यांत आणि दुकानांत फिरू लागल्या. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट नॅप यांनी 1942 मध्ये जमवलेल्या हजाराहून अधिक अफवांपैकी सुमारे दोन-तृतीयांश अफवा आपल्याच लोकांत फूट पाडणाऱ्या होत्या. ज्यूंखेरीज कृष्णवर्णीय, ब्रिटिश आणि खुद्द सरकार हीही त्यांची लक्ष्ये होती. ‘बोस्टन हेरल्ड’ने तर अशा अफवा खोडण्यासाठी खास सदर सुरू केले होते.

वस्तुस्थिती अगदी उलट होती. सुमारे साडेपाच लाख ज्यू अमेरिकी सैन्यात दाखल झाले आणि हजारो कामी आले. तरीही 1943 मध्ये बोस्टनच्या डॉर्चेस्टर भागात टोळकी ज्यू मुलांना रस्त्यात गाठून मारहाण करत होती. स्थानिक यंत्रणेने तिकडे काणाडोळा केला. न्यूयॉर्कच्या ‘पीएम’ या दैनिकाने प्रकरण चव्हाट्यावर आणल्यावर हालचाल झाली.

सरकारवर पडलेली सावली

नोव्हेंबर 1942 मध्ये अमेरिकी ज्यूंचे नेते रब्बी स्टीफन वाइज यांनी युरोपात वीस लाख ज्यूंची हत्या झाल्याची माहिती जाहीर केली. जानेवारी 1943 च्या गॅलप चाचणीत 47 टक्के लोकांना हे खरे वाटले, 29 टक्क्यांना ती अफवा वाटली. हे युद्ध ज्यूंसाठी चालले आहे असे कोणी म्हणू नये, ही धास्ती सरकारलाही होती. परराष्ट्र खात्याने व्हिसाच्या अटी आवळून धरल्या आणि सुटकेचे प्रस्ताव रखडवले. शेवटी अर्थखात्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी या दिरंगाईचा खरमरीत अहवाल लिहिला आणि 22 जानेवारी 1944 रोजी रूझवेल्ट यांनी युद्ध निर्वासित मंडळ स्थापन केले. मंडळाने हजारो जीव वाचवायला हातभार लावला. तोवर लाखो गेले होते.

लाट ओसरली कशी?

1946 नंतर आकडे झपाट्याने घसरले. ‘ज्यूंविरुद्ध बोललेले ऐकले’ म्हणणारे 1950 पर्यंत निम्म्याहूनही कमी झाले. एका छावणीत राहून लढलेले ज्यू आणि बिगरज्यू सैनिक घरी आले होते. मंदी परतली नाही, नोकऱ्या मिळाल्या. मुक्त झालेल्या छळछावण्यांची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली होती. न्यूयॉर्क राज्याने 1945 मध्ये नोकरीतल्या धार्मिक आणि वांशिक भेदभावाला बंदी घातली. ज्यूद्वेषावरच्या ‘जंटलमन्स ॲग्रीमेंट’ या चित्रपटाला 1947 चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर मिळाला. ज्या गोष्टीबद्दल दबक्या आवाजात बोलले जाई तिच्यावर उघड चर्चा होऊ लागली.

म्हणजे हा द्वेष आपोआप वाढला नाही आणि आपोआप ओसरलाही नाही. तो वाढला कारण जुना खोटा मजकूर नव्याने छापला गेला, मान्यवरांनी त्याला प्रतिष्ठा दिली आणि अफवा ऐकून बहुतेक लोक गप्प राहिले. तो ओसरला त्यामागे कायदा, वृत्तपत्रे, कलावंत आणि सामान्य नागरिक यांचा हात होता. आजही दूरच्या युद्धाची चित्रे दर तासाला आपल्या मोबाइलवर येतात. ती पाहून संताप जरूर यावा. पण त्या संतापाची किंमत आपल्या गावातला कोणता समाज चुकवतो आहे, हे प्रत्येकाने तपासावे आणि शेजाऱ्याविषयी आलेला ऐकीव आरोप पुढे पाठवण्याआधी तिथेच थांबवावा.