खरे माप

दुकानदाराच्या काट्यात पासंग असला, तर आपल्याला माल कमी मिळतो. पाऊस मोजणाऱ्या यंत्रातच खोट असली, तर हवामानाचा अंदाज चुकतो. मग पेरणी वाया जायला वेळ लागत नाही.

हे अन्ना मणी या बाईंनी नीट ओळखले होते. त्यांचा जन्म १९१८ साली केरळात झाला. विलायतेत यंत्रांचे शिक्षण घेऊन १९४८ साली त्या पुण्याच्या हवामान खात्यात आल्या. तेव्हा साधी यंत्रेही परदेशातून येत. बाईंनी सुमारे १०० यंत्रांचे नकाशे पक्के केले. यंत्रे देशातच होऊ लागली. प्रत्येक यंत्र आधी खात्रीच्या यंत्राशी ताडून पाहावे, असा त्यांचा कटाक्ष असे. चुकीच्या मापापेक्षा माप नसलेले बरे, असे त्या मानत.

आपणही घरचा काटा खऱ्या वजनाशी ताडून पाहावा.