‘स्किप’खाली दडलेली मराठी

बदलापूर पश्चिमेच्या एका झेरॉक्सच्या दुकानात परवा पुन्हा तेच वाक्य कानावर पडलं. एक ताई लेकीचा नवाकोरा लॅपटॉप घेऊन आल्या होत्या. शाळेच्या मंडळाचा अहवाल टाइप करायचा होता आणि मराठी काही उमटत नव्हती. काउंटरवरच्या मुलाने मान वर न करताच निदान केलं, “नव्या विंडोजमध्ये मराठी नसतंच, ताई. बाहेरून टाकावं लागतं. तीनशे रुपये.” आणि ड्रॉवरमधून पेनड्राइव्ह काढला.

हेच वाक्य मी उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये ऐकलंय, अंबरनाथला अर्ज टाइप करून देणाऱ्यांच्या टेबलांवर ऐकलंय, एकदा तर लोकलमध्ये एका आयटीतल्या तरुणाच्या तोंडून ऐकलंय. कान किटले. म्हणून एकदा नीट सांगून टाकतो: मराठी विंडोजच्या आतच असते. काल-परवापासून नाही, ‘विंडोज २०००’पासून. त्या आवृत्तीत देवनागरी दाखवायची आणि टाइप करायची सोय होती. पाव शतक उलटलं, पेनड्राइव्ह काही ड्रॉवरमधून हलत नाही.

मग हा समज आला कुठून? उगाच आला नाही, हेही मान्य केलं पाहिजे. विंडोज एक्सपी आठवा. त्यात मराठी होती, पण बंद अवस्थेत. कंट्रोल पॅनेलमध्ये जायचं, ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ उघडायचं, ‘लँग्वेजेस’च्या टॅबवर एका छोट्या चौकटीत खूण करायची. त्या चौकटीपुढे लिहिलेलं असायचं: ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांच्या फाइल्स बसवा, थाईसह. थाईचं नाव होतं. मराठीचं नव्हतं, देवनागरीचंही नव्हतं. आपली बाराखडी ‘कॉम्प्लेक्स’ आहे हे आपल्याला कुणी सांगितलं होतं? चुकून कुणी खूण केलीच, तर दहा एमबी जागा लागेल अशी सूचना यायची आणि मग एक्सपीची सीडी मागितली जायची. आपल्याकडे सीडी असायची ती दुकानदाराची, आणि दुकानदार पंधरा मशीनं एकाच सीडीवर उरकून कधीच निघून गेलेला. २००७मध्ये व्हिस्टा आलं तेव्हा ही चौकटच गेली, देवनागरी कायमची चालू झाली. समज मात्र तसाच राहिला.

आता आजचा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू होतो तो क्षण पाहा. विंडोज ११ आधी देश विचारतं, आपण भारत निवडतो. मग कीबोर्ड विचारतं, इंग्रजी ठेवतो. त्यानंतर एक पडदा येतो: दुसरा कीबोर्ड लेआउट जोडायचा का? दोन बटणं, ‘ॲड लेआउट’ आणि ‘स्किप’. मराठीचं दार इथेच आहे. पण पडद्यावर मराठी हा शब्द नाही. ‘दुसरा कीबोर्ड’ म्हटलं की माणसाला टेबलावरचा, वायर असलेला कीबोर्ड आठवतो, आणि तो तर आपल्याकडे एकच आहे. स्किप. पुढे वायफाय, खातं, पासवर्ड, प्रायव्हसीचे प्रश्न अशी रांग लागते आणि मघाचा पडदा डोक्यातून पार पुसला जातो.

यावर संगणकवाल्यांचा ठरलेला शेरा असतो, “लोक वाचतच नाहीत.” हा दुसरा गैरसमज, आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा जास्त नुकसान करणारा. जॅरेड स्पूल या अमेरिकी युजेबिलिटी अभ्यासकाने २०११मध्ये लिहिलेला एक अनुभव इथे सांगण्यासारखा आहे. त्यांनी शेकडो लोकांकडून त्यांच्या वर्डच्या सेटिंगची फाइल मागवली. काहीही बदललेले लोक पाच टक्क्यांहून कमी निघाले. त्या वेळी वर्डमध्ये ऑटोसेव्ह मुळात बंद असायचं. बाकीच्यांपैकी काहींना विचारलं, तर उत्तर आलं की बंद ठेवलंय त्याअर्थी मायक्रोसॉफ्टचं काही कारण असणार. प्रत्यक्षात कारण असं निघालं की फाइल तयार करणाऱ्याने सगळीकडे शून्य, म्हणजे ‘बंद’, भरून ठेवलं होतं. म्हणजे लोकांनी वाचलं होतं, विश्वासही ठेवला होता. समोर फक्त शून्य होतं. देश भारत निवडलेला असताना ‘मराठीत टाइप करायचं आहे का?’ असं मराठीतच विचारलं असतं, तर त्या ताईंनी स्किप दाबलं असतं का?

दुकानात मी जरा आगाऊपणा केला. लॅपटॉप माझ्याकडे वळवून घेतला. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, ॲड अ लँग्वेज, मराठी. दुकानाच्या वायफायवर दोन-तीन मिनिटं लागली. मग विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबला, कोपऱ्यात ‘मरा’ आलं. ‘इन्स्क्रिप्ट’ या कळफलकावर ‘अंबरनाथ’ लिहून दाखवलं: शिफ्ट-डी, एक्स, वाय, जे, व्ही, ई, शिफ्ट-एल. सात अक्षरखुणा, सात कळा. ताई म्हणाल्या, “हे पाठ कोण करणार?” रास्त प्रश्न. त्यांच्यासाठी ‘मराठी फोनेटिक’ लावून दिला. इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटवणारा हा कळफलक २०१९च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून विंडोज १०मध्ये आहे. पोरगा पेनड्राइव्ह हातात धरून बघत होता. त्याच्या बाजूनेही एक सांगतो: ज्यांची बोटं टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर बसली आहेत, त्यांना ती मांडणी विंडोजच्या यादीत मिळत नाही, बाहेरूनच घ्यावी लागते. पण त्या ताईंनी आयुष्यात टाइपरायटरला हात लावला नव्हता.

मंगल फॉन्टची रड वेगळी. “सरकारी कामाला मंगल लागतो आणि नव्या मशीनमधून मंगल काढून टाकलाय.” काढलेला नाही, अडगळीत नेऊन ठेवलाय. देवनागरीचं रोजचं काम आता ‘निर्मला यूआय’ करतो, आणि विंडोज १०पासून मंगल ‘ऑप्शनल फीचर्स’मधल्या ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ या गाठोड्यात कोकिळा, उत्साह, अपराजिता यांच्यासोबत बसलाय. नावात मंगल हा शब्दच नाही, मग सापडणार कसा? बरं, ‘ऑप्शनल फीचर्स’ आधी ॲप्समध्ये होतं, विंडोज ११च्या नंतरच्या आवृत्त्यांत सिस्टिममध्ये गेलं. एकाने सांगितलेला रस्ता दुसऱ्याच्या मशीनवर चालत नाही. सोपा उपाय म्हणजे वर सांगितली तशी मराठी भाषा जोडायची. इंटरनेट चालू असेल तर गाठोडं आपसूक उतरतं. कुठल्या तरी जाहिरातींनी बरबटलेल्या साइटवरून मंगलची झिप फाइल आणायची गरज नाही.

बाकीचे समज झटपट उरकतो.

“मराठी टाकली की सगळा कॉम्प्युटर मराठीत होतो.” होत नाही. भाषा जोडताना ‘डिस्प्ले लँग्वेज’ची चौकट वेगळी असते, तिथे खूण नको एवढं बघायचं.

“युनिकोड फॉन्ट टाकून द्या.” युनिकोड हा फॉन्ट नाही, अक्षरांना क्रमांक देणारं प्रमाण आहे. मंगल हा त्या प्रमाणाने चालणारा एक फॉन्ट.

“ऑप्शनल घेतलं की मशीन मंदावतं.” फॉन्ट जागा घेतो, तीही मोजक्या एमबींची. आकार यादीतच लिहिलेला असतो.

“शेतकऱ्यांचे हे विंडोजमध्ये नीट येतच नाही, शेतकर्यांचे असंच येतं.” र ऐवजी शिफ्ट-जे दाबा, इन्स्क्रिप्टवर तिथे ऱ आहे. मग हलन्त, मग य.

“देवनागरी म्हणजे हिंदी आणि मराठी, बस.” हे निदान सिंधी वस्तीच्या उल्हासनगरात तरी कुणी म्हणू नये. सिंधीच्या ॻ, ॼ, ॾ, ॿ या चार अक्षरांना युनिकोडने २००६मध्येच स्वतंत्र जागा दिली आहे, आणि विंडोजच्या भाषांच्या यादीत ‘सिंधी, देवनागरी’ अशी वेगळी नोंद आहे. कॅम्प पाचमधल्या एका आजोबांना मी ती नोंद शोधून दिली. त्यांनी पहिल्यांदा नातीचं नाव लिहिलं, मग घराचा जुना पत्ता.