चित्रांची नोंद कोणीं ठेवावी?

एखाद्या समाजाचा इतिहास त्याच्या ग्रंथांत असतो, तितकाच तो त्याच्या हातून घडलेल्या वस्तूंतही असतो. परंतु जपणाऱ्यावांचून जसा ग्रंथ टिकत नाहीं, तशी वस्तूही टिकत नाहीं. संग्रहालयांत कोणती वस्तु घ्यावी, तिची नोंद कशी लिहावी आणि ती कोणत्या शब्दांनीं लोकांपुढें मांडावी, हें ठरविणाऱ्या विद्वान सेवकास ‘क्युरेटर’ म्हणतात. प्रेक्षकांस तो सहसा दिसत नाहीं. पण भिंतीवर काय आहे आणि काय नाहीं, हें बहुतांशीं त्याच्याच विचारानें ठरतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘लॅटिनक्स’ कलेच्या बाबतींत हें काम कसें उभें राहिलें, आणि विद्यापीठांच्या संग्रहालयांनीं व तेथें नव्यानें रुजू होणाऱ्या तरुण मंडळींनीं त्यांत कोणता भार उचलला, हें आज वाचकांस सांगावें असें आम्हांस वाटतें.

प्रथम शब्दाचा उलगडा करूं. मेक्सिको, पोर्तो रिको, क्यूबा इत्यादि प्रदेशांशीं ज्यांचें कूळ जोडलेलें आहे, परंतु जे स्वतः संयुक्त संस्थानांतच राहतात, ते हे लोक. यांपैकीं सर्वच बाहेरून आले असें नाहीं. १८४८ च्या तहानें मेक्सिकोचा विस्तीर्ण मुलूख संयुक्त संस्थानांकडे गेला. तेथील कुटुंबांनीं घर सोडलें नव्हतें, सरहद्दच त्यांच्या घरावरून पुढें सरकली. २०२० च्या शिरगणतींत या समाजाची संख्या ६ कोटी २१ लक्ष, म्हणजे शेंकडा सुमारें १९ भरली.

स्पॅनिश भाषेंत पुरुष ‘लॅटिनो’, स्त्री ‘लॅटिना’, आणि दोघांचा मिळून समुदाय असला कीं पुन्हा पुल्लिंगच. संस्कृत जाणणाऱ्यांस यांत नवल नाहीं. माता आणि पिता मिळून ‘पितरौ’ होतात, तो पाणिनीचा एकशेष याच जातीचा. मराठीनें मात्र ‘माणसें’, ‘मुलें’ असें नपुंसकलिंग योजून ही अडचण केव्हांच सोडविली आहे. स्पॅनिश नामांस ती सोय नसल्यामुळें अलीकडे अंत्य स्वराच्या जागीं ‘एक्स’ हें अक्षर घालून ‘लॅटिनक्स’ हा शब्द बनविण्यांत आला. तो सर्वांस रुचला असें नाहीं. प्यू या संशोधनसंस्थेनें २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत त्या समाजांतील प्रौढांपैकीं शेंकडा २३ जणांनींच तो ऐकला होता, आणि स्वतः वापरणारे अवघे ३ निघाले. तेव्हां फलकावर कोणतें नांव लिहावें, हाच तरुण क्युरेटरपुढील पहिला प्रश्न होय. आणि कलावंत स्वतःस काय म्हणवितो हें आधीं विचारणें, हें त्याचें सरळ उत्तर.

आतां पूर्वपीठिका. मेक्सिकन वंशाच्या ज्या अमेरिकनांनीं हक्कांसाठीं चळवळ केली, ते स्वतःस ‘चिकानो’ म्हणवीत. १९७२ सालीं हॅरी गॅम्बोआ या तरुण चिकानो कलावंतानें लॉस एंजेलिस काउंटी कलासंग्रहालयांत, आमच्या लोकांची कला येथें कां नाहीं, असें विचारलें. चिकानो लोक ललितकला निर्माण करीत नाहींत, अशा आशयाचें उत्तर तेथील एका क्युरेटरकडून मिळालें, असें तो सांगत आला आहे. त्यावर ग्रॉंक व विली हेरॉन या मित्रांसह त्यानें संग्रहालयाच्या प्रवेशापाशीं रंगाच्या फवाऱ्यानें तिघांचीं नांवें लिहिलीं. तुम्ही आमचीं चित्रें आंत घेत नाहीं, तर आम्ही तुमच्या इमारतीवरच स्वाक्षरी करतों, असा त्यांतील उपरोध! नांवें लवकरच पुसलीं गेलीं. पॅट्सी व्हाल्डेझ ही त्यांची सहकारी त्या स्वाक्षऱ्यांपाशीं उभी आहे, असें गॅम्बोआनें घेतलेलें छायाचित्र तेवढें मागें राहिलें.

पुढील वर्षीं, १९७३ सालीं, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील चित्रशाळेंत ‘लॉस फोर’ नांवाच्या चार चिकानो चित्रकारांचें प्रदर्शन भरलें. त्यांतील गिल्बर्ट लुहान हा तेथेंच शिकलेला. हेंच चित्रकारमंडळ १९७४ सालीं त्या मोठ्या काउंटी संग्रहालयांत मानानें दाखल झालें! पुढें १९९० सालीं त्याच विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील चित्रशाळेंत चिकानो कलेचें एक भव्य प्रदर्शन सुरू झालें, आणि तें १९९३ पर्यंत देशभर फिरलें. मोठें दार दोन्ही वेळां लहान दारांतून उघडलें, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. विद्यापीठांत शिक्षक, विद्यार्थी व ग्रंथालय एकाच आवारांत असतात, आणि अपरिचित गोष्ट तपासून पाहणें हा तेथील धर्मच असतो.

तरीही उणीव होतीच. १९९४ सालीं स्मिथसोनियन या राष्ट्रीय संस्थेच्या कारभाराची जी चौकशी झाली, तिच्या अहवालाचें नांवच ‘हेतुपुरस्सर उपेक्षा’ अशा अर्थाचें होतें. २०१५ सालच्या मेलन प्रतिष्ठानाच्या पाहणींत क्युरेटर, जतनकार, शिक्षणाधिकारी व संचालक यांपैकीं शेंकडा ८४ जण हिस्पॅनिकेतर गौरवर्णीय निघाले.

टेक्ससमधील ऑस्टिन येथील विद्यापीठाच्या, आज ब्लॅंटन नांवानें ओळखल्या जाणाऱ्या, संग्रहालयानें १९८८ सालीं लॅटिन अमेरिकन कलेसाठीं क्युरेटरची स्वतंत्र जागा निर्माण केली. त्या देशांत ती पहिलीच. मारी कार्मेन रामिरेझ यांनीं तेथें काम करून मोठा लौकिक मिळविला. परंतु ती जागा दक्षिणेकडील देशांच्या कलेची. ऑस्टिनमध्येंच जन्मलेल्या चिकानो चित्रकारास अमेरिकन विभाग परका समजे, आणि लॅटिन अमेरिकन विभाग पुरेसा परका समजत नसे. अशी उभयतोभ्रष्ट स्थिति अनेक संग्रहालयांत होती. समाजशास्त्रज्ञ गिल्बर्तो कार्देनास व डोलोरेस गार्सिया यांनीं जमविलेल्या ५,६५० हून अधिक कलाकृति २०२२ सालीं ब्लॅंटनकडे आल्या, आणि लॅटिनो कलेकरितां सहयोगी क्युरेटर म्हणून क्लॉडिया झापाता यांची नेमणूक झाली. २०२० सालीं स्मिथसोनियनच्या अमेरिकन कलासंग्रहालयानें चिकानो छापचित्रांचें जें मोठें प्रदर्शन भरविलें, त्यांत झापाता यांनीं सहायकाचें काम केलें होतें. या व्यवसायांत उमेदवारीची वाट अशीच असते.

या उमेदवारींत दिमाख थोडा व कष्ट फार. प्रत्येक चित्रास क्रमांक द्यावयाचा, लांबीरुंदी मोजावयाची, कागद व छपाईची रीत ओळखावयाची. कोपऱ्यांत पेन्सिलीनें ‘१२/५०’ असें लिहिलें असेल, तर ती पन्नास प्रतींपैकीं बारावी. पण मोर्च्यासाठीं घाईनें छापलेल्या भित्तिपत्रकावर क्रमांक नाहीं, सही नाहीं, सालही नाहीं! तें कोणीं व कोणत्या संपासाठीं काढलें, हें जाणणारे वृद्ध हयात आहेत तोंवरच त्यांच्याकडे जाऊन विचारलें पाहिजे. कागद उजेडानें फिका पडतो. म्हणून मंद दिव्याखालीं तो कांहीं महिनेच टांगावयाचा व मग अंधारांत विसांवूं द्यावयाचा. शेवटीं फलकाच्या शंभरएक शब्दांत, इंग्रजी व स्पॅनिश दोन्ही भाषांत, असें लिहावयाचें कीं पंडितानेंही मान डोलवावी आणि चित्रांतील माणसाच्या आजीलाही तें आपलें वाटावें.

हें ज्ञान वर्षांनुवर्षें मुरावें लागतें. आणि नेमकी येथेंच आमची शंका आहे. २०२३ सालीं मेलन, फोर्ड, गेटी व टेरा या चार प्रतिष्ठानांनीं लॅटिनक्स कलेच्या तरुण व मध्यमवयीन क्युरेटरांसाठीं १० संस्थांस प्रत्येकीं ५ लक्ष डॉलर जाहीर केले. ही मदत स्तुत्य होय. परंतु देणगीस मुदत असते. मुदत संपल्यावर जागा उठली, तर तो तरुण जातो, आणि त्यानें वृद्धांच्या तोंडून ऐकलेलें, अजून कागदावर न उतरलेलें अर्धें ज्ञानही त्याच्याबरोबर जातें. मास्तर बदलला तरी शाळा चालते, ती मास्तराची जागा कायम असते म्हणून. हें आम्ही जन्मभर पाहिलें आहे. संग्रहालयास वेगळा नियम कोठून असणार?

गॅम्बोआच्या मंडळाचें, ‘आस्को’चें, समग्र प्रदर्शन २०११ सालीं भरलें, तें स्वाक्षऱ्या पुसणाऱ्या त्याच काउंटी संग्रहालयांत, आणि त्याच्या उभारणींत विल्यम्स कॉलेजचें कलासंग्रहालय भागीदार होतें. एकोणचाळीस वर्षें लागलीं! तेवढ्या काळांत किती भित्तिपत्रकें रद्दींत गेलीं असतील, याचा हिशेब कोणीही देऊं शकणार नाहीं. जीं उरलीं, त्यांची नोंद ठेवणारे हात आतां कोठें कामास लागले आहेत. त्यांस मधेंच उठवूं नये, एवढीच अपेक्षा.