वेतनमर्यादेतील शिल्लक आणि संघाची रचना : पुणेरी पलटणचे एक उदाहरण

फेर्दिनां द सोस्यूर यांच्या मृत्यूनंतर, १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानसंग्रहात भाषाशास्त्राची अर्थशास्त्राशी तुलना केलेली आढळते. दोन्ही शास्त्रांत भिन्न जातीच्या दोन गोष्टींचा मेळ घातला जातो : अर्थशास्त्रात श्रम व वेतन यांचा, भाषाशास्त्रात चिन्हित व चिन्हक यांचा. वर्गात हा भाग शिकविताना आपण बहुधा बाजारातील धान्याचे उदाहरण देऊन पुढे जातो. त्याहून नेमके उदाहरण आपल्याच शहरात उपलब्ध आहे. कबड्डीच्या व्यावसायिक स्पर्धेतील पुणेरी पलटण या संघाने वेतनमर्यादेतील शिल्लक रकमेचा विनियोग कसा केला, हे ते उदाहरण होय. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम वेतनमर्यादा म्हणजे काय ते पाहू. स्पर्धेतील प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करण्यासाठी सारखीच कमाल रक्कम ठरवून दिलेली असते. धनिक मालकाने सगळेच उत्तम खेळाडू आपल्याकडे ओढून घेऊ नयेत, हा तीमागील हेतू. उत्तर अमेरिकेतील राष्ट्रीय हॉकी लीगमध्ये याच प्रश्नावरून मालक व खेळाडू यांच्यात तेढ निर्माण झाली आणि २००४-०५ चा संपूर्ण मोसम रद्द करावा लागला; त्यानंतर २००५ पासून तेथे अशी मर्यादा लागू झाली. आपल्याकडे २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्ये लिलावाची पद्धत आहे. संघाने काही जुने खेळाडू राखावयाचे, त्यांची रक्कम ठरलेल्या थैलीतून वजा करावयाची आणि उरलेल्या पैशांत लिलावातून नवे खेळाडू घ्यावयाचे. ही जी उरलेली रक्कम, तिला आपण ‘शिल्लक’ म्हणू.

मात्र ही शिल्लक आणि घरातील शिल्लक यांत एक महत्त्वाचा भेद आहे. घरातील पैसा न खर्चिता ठेवला तर तो उद्या उपयोगी पडतो. लिलावातील पैशाचे तसे नाही. चांगले खेळाडू इतर संघांनी नेल्यावर थैलीत जे उरते, त्याने सामना जिंकता येत नाही. उलटपक्षी, पहिल्याच मोठ्या नावावर सारे पैसे उधळले तर उरलेल्या जागा भरण्यास काही राहत नाही. प्रत्येक रुपयाची खरी किंमत, तो दुसरीकडे खर्च केला असता तर काय मिळाले असते, यावरून ठरते.

आता प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळू. नवव्या मोसमासाठी, २०२२ साली, थैली ४ कोटी ४० लाख रुपयांची होती. पुणेरी पलटणने त्यांपैकी १ कोटी ३८ लाख फजल अत्राचली या इराणी खेळाडूवर आणि ८७ लाख मोहम्मद नबीबख्श या त्याच्या देशबांधवावर खर्च केले. म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम दोघांवर गेली. संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. परंतु १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत जयपूरच्या संघाकडून २९-३३ असा पराभूत झाला.

दहाव्या मोसमापूर्वी थैली ५ कोटींपर्यंत वाढविण्यात आली. पलटणने अत्राचलीला मोकळे केले आणि तरुण गाभा राखला : अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, संकेत सावंत, अबिनेश नादराजन, गौरव खत्री आदी. या राखलेल्या खेळाडूंपोटी थैलीतून सुमारे २ कोटी २० लाख वजा झाले आणि सुमारे २ कोटी ८० लाख शिल्लक राहिले. ९ व १० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत झालेल्या लिलावात या शिलकीतून २ कोटी ३५ लाख रुपये एकट्या मोहम्मदरेझा शादलुईवर लावण्यात आले. शिलकीचा शेकडा ८४ भाग एका खेळाडूवर! उरलेल्या सुमारे ४५ लाखांत, ‘ड’ वर्गाच्या ९ लाख या मूळ किमतीने, फार तर पाच खेळाडू घेता आले असते.

वरवर पाहता हे साहस वाटते. परंतु अत्राचली आणि शादलुई हे दोघेही डाव्या कोपऱ्यातील बचावपटू होत, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. म्हणजे संघाने वाक्याची घडण बदलली नाही, वाक्यातील एका स्थानावरचा शब्द बदलला. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर हा गणसंबंधाचा व्यवहार झाला : एका स्थानी परस्परांऐवजी येऊ शकणाऱ्या दोन पदांमधील निवड. त्याच लिलावात अत्राचली गुजरातच्या संघाकडे १ कोटी ६० लाखांना गेला. तेव्हा पलटणपुढील खरा प्रश्न २ कोटी ३५ लाखांचा नव्हताच, तो ७५ लाखांच्या फरकाचा होता. त्या अधिक रकमेत तिला वयाने बराच लहान आणि प्रसंगी चढाईही करणारा बचावपटू मिळाला.

परिणाम सर्वांस ठाऊक आहे. साखळीतील २२ सामन्यांपैकी पलटणने १७ जिंकले, ३ बरोबरीत सोडविले आणि ९६ गुणांसह पहिले स्थान मिळविले. शादलुई त्या मोसमात पकडींच्या गुणांत सर्वांच्या पुढे राहिला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरयाणाच्या संघाचा २८-२५ असा पराभव करून संघाने प्रथमच विजेतेपद पटकाविले. कर्णधार अस्लम इनामदार स्पर्धेतील सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला.

येथे थांबलो तर ‘पैसा ओता आणि यश घ्या’ असा चुकीचा निष्कर्ष निघेल. म्हणून त्याच मोसमातील विरुद्ध उदाहरण पाहणे अगत्याचे आहे. तेलुगू टायटन्सने त्याच लिलावात पवन सेहरावत या नामांकित चढाईपटूसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. त्या लिलावातील हा सर्वोच्च आकडा. हा संघ २२ पैकी अवघे दोन सामने जिंकून तळाशी राहिला. सेहरावतच्या कौशल्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. कबड्डीत एका वेळी सात खेळाडू मैदानात असतात. चढाईपटू बाद होऊन बाहेर बसला की त्याला पुन्हा आत आणण्यासाठी इतरांनी गुण मिळवावे लागतात. इतर स्थाने दुर्बल असली तर तो बाहेरच बसून राहतो आणि त्याचे कौशल्य निरुपयोगी ठरते.

याचा अर्थ इतकाच की, लिलावात ठरते ती किंमत; मूल्य ठरते ते व्यवस्थेत. किंमत हा दोन बोलीदारांमधील चढाओढीचा परिणाम होय. मूल्य मात्र शेजारच्या स्थानांवर कोण उभे आहे यावर अवलंबून असते. सोस्यूर यांनी शब्दाविषयी सांगितलेले हे तत्त्व खेळाडूलाही लागू पडते.

पुढील इतिहासही याच मताला पुष्टी देतो. २०२४ च्या लिलावात शादलुई २ कोटी ७ लाखांना हरयाणाकडे गेला आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी त्या संघाने पुण्यातच, बालेवाडी येथे, विजेतेपद मिळविले. पलटण त्या मोसमात बाद फेरीपर्यंतही पोहोचली नाही. परंतु २०२५ मध्ये, शादलुई नसतानाही, पलटणने पुन्हा अंतिम सामना गाठला आणि दिल्लीकडून २८-३१ अशी निसटती हार पत्करली. एक पद गेले तरी वाक्य पुन्हा बांधता येते. मात्र त्यासाठी उरलेली पदे भक्कम असावी लागतात.

शेवटी एका मुद्द्याकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते, कारण हिशेबाच्या सोयीत तो सहज निसटतो. २०२३ मध्ये पलटणच्या थैलीतून राखलेल्या सर्व खेळाडूंपोटी जेवढी रक्कम वजा झाली, ती एकट्या शादलुईच्या किमतीपेक्षा कमी होती. इनामदार व गोयत हे २०२१-२२ च्या मोसमात नवोदित म्हणून संघात आले होते. असे तरुण खेळाडू खुल्या बोलीने घेतले जात नाहीत. त्यांचे करार ठराविक व तुलनेने अल्प रकमेचे असतात. संघाची शिल्लक म्हणून जी आपण मोजतो, ती बऱ्याच अंशी या तरुणांच्या न मिळालेल्या वेतनातून उभी राहते. मर्यादेमुळे संघासंघांत समता येते हे खरे. तिचा भार मात्र खेळाडूंमध्ये समान वाटला जात नाही. कबड्डीपटूची उमेदीची वर्षे मोजकी असतात आणि गुडघ्याची एखादी दुखापत ती आणखी कमी करते. म्हणून शिलकीचा विनियोग कुशलतेने झाला की नाही, हे विचारताना ती शिल्लक कोणाच्या श्रमातून निर्माण झाली, हेही विचारले पाहिजे. श्रम आणि वेतन यांचा मेळ ही जर मूल्यविचाराची सुरुवात असेल, तर त्या विचारातून हा प्रश्न वगळता येणार नाही.