चंचल मुलाची झोंप

आमच्या परिचयाच्या एका घरीं आठ वर्षांचा नातू रात्रीं अकरा वाजले तरी अंथरुणावर तळमळत असतो, आणि सकाळीं शाळेच्या वेळीं हलवूनही उठत नाहीं. अशा मुलास द्वाड म्हणून दटावण्याची घरोघर रीत आहे. आम्हींही अध्यापनाच्या काळांत पहिल्या तासाला पेंगणारीं कित्येक मुलें बांकावर उभीं केलीं. आज त्याचें वाईट वाटतें.

लंडनचे वैद्य जॉर्ज स्टिल यांनीं १९०२ सालीं आपल्या व्याख्यानांत अशा अस्थिर मुलांचें वर्णन केलें. अमेरिकन मनोवैद्यकांनीं १९८० सालीं या विकाराला अवधानन्यूनता या अर्थाचें नांव दिलें. यांपैकीं पुष्कळांना झोंप उशिरा लागते, ती हट्टानें नव्हे. अंधार पडूं लागला म्हणजे मेंदूंतील एका ग्रंथींतून मेलॅटोनिन हा स्राव वाहूं लागतो व शरीरास रात्रीची वर्दी मिळते. लवकर झोंप न लागणाऱ्या अवधानन्यून मुलांत ही वर्दी सुमारे पाऊण तास उशिरा येते, असें नेदरलँड्समधील संशोधकांस २००५ सालीं आढळलें.

म्हणून झोंपेच्या वेळेपेक्षां उठण्याची वेळ आधीं ठरवावी, व ती रविवारींही मोडूं नये. उठतांच मुलाला उजेडांत न्यावें. संध्याकाळनंतर दिवे मंद करावे, चहा देऊं नये. एकत्र कुटुंबांत हें कठीण खरें! आजोबा दूरदर्शनसमोर, काका मोबाईल घेऊन, आणि एकट्या नातवानें मात्र डोळे मिटावे, हा न्याय कोणता? शेवटचा तासभर सर्व घरानेंच पडदे बंद ठेवावे.

मूल घोरत असेल तर टॉन्सिल तपासून घ्यावे. पाय सारखे हलवीत असेल तर रक्तांतील लोह पाहावें. लोहाच्या उणिवेनेंही पाय स्वस्थ राहत नाहींत. मेथिलफेनिडेटची साधी गोळी सुमारें चार तास काम करते. ती उशिरा दिल्यास झोंप उडते. परंतु कांहीं मुलें औषधाचा अंमल उतरतांच अधिक बेचैन होतात. तेव्हां औषध आपल्या मतानें बंद न करतां वेळ डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. मेलॅटोनिनच्या गोळ्याही त्यांना विचारल्यावांचून देऊं नयेत.

हा विकार पुष्कळदां कुळांतून येतो. वर सांगितलेल्या घरीं नातवाची हकीगत चालली असतां त्याचे वडील हळूच म्हणाले, "माझेंही लहानपणापासून असेंच आहे." ते चाळिशीचे आहेत, आजवर त्यांना कोणीं विचारलेंच नव्हतें. आम्हीं त्यांनाही मुलाबरोबर डॉक्टरांकडे पाठविलें आहे.