बंदुकीचा रंग कुणी बघायचा?

परवान्याची बंदूक मी रंगवत नाही, हे आधीच सांगून टाकतो. गोळेगावच्या रस्त्याला माझं गाड्या रंगवायचं दुकान आहे. लेण्याद्रीला निघालेले बुलेटवाले थांबून टाकीचा भाव विचारतात. शस्त्राच्या दुरुस्तीला १९५९ च्या कायद्याप्रमाणे वेगळा परवाना लागतो, तो माझ्याकडे नाही. तरी विचारणा होतेच. मोबाइलवर अमेरिकेतल्या वाळूच्या रंगाच्या, जांभळ्या, पानापानांच्या बंदुका बघून लोक येतात.

पूर्वी बंदूक म्हटली की निळसर काळी. तो खरं तर रंग नव्हेच. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या उकळत्या द्रावणात पोलाद बुडवलं की त्याच्या वरच्या थराचा काळा ऑक्साइड होतो. वर तेल लागत राहिलं तरच गंज लांब राहतो. आमच्याकडच्या पावसाळ्यात तेल विसरलात की संपलं. आता सिराकोटसारखे सिरॅमिकचे लेप निघालेत. फवारायचा आणि भट्टीत साधारण १२० अंशांवर दोनेक तास भाजायचा. थर कागदाहून पातळ, गंजाला दाद देत नाही आणि हव्या त्या रंगात मिळतो. गंजावर औषध शोधता शोधता हौसेची सोय झाली.

पानाफांद्यांची नक्षी मात्र माझ्याच धंद्यातली. पाण्यावर छापील फिल्म सोडायची, वर ॲक्टिव्हेटर फवारला की फिल्म विरघळून नुसती शाई तरंगते. मग वस्तू तिरकी धरून सावकाश खाली दाबायची. घाई केली की नक्षी ताणली गेलीच. हेल्मेटवर मी हेच करतो.

ही नक्षी आली शिकारीतून. अमेरिकेत १९८६ च्या सुमारास रिअलट्री आणि मॉसी ओक या कंपन्यांनी झाडाची साल, पाचोळा हुबेहूब कापडावर उतरवायला सुरुवात केली. रानटी टर्कीची नजर रंगाला फार तेज, म्हणून कपड्यांबरोबर बंदूकही झाकायची. हरणाचं उलटं. त्याला नारिंगी रंग वेगळा ओळखू येत नाही, म्हणून तिथले शिकारी भडक नारिंगी जाकीट घालतात. हरणाला कळत नाही आणि दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी लागत नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी. जुन्नरच्या उसात लपायची गरज एकट्या बिबट्याला, आणि त्याला नक्षी फुकट मिळालेली आहे. त्याला बेशुद्ध करायच्या इंजेक्शनच्या शेपटाला तर मुद्दाम भडक गोंडा लावतात, गवतात पडलं तर सापडावं म्हणून.

मग इथे रंग हवा कुणाला? नेमबाजांना. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलचं कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून एअर रायफलची भाषा करणारे आईबाप आमच्याकडेही भेटतात. असाच एक जण मुलीच्या रायफलचा लाकडी दस्ता घेऊन आला. ‘‘दादा, मिलिटरीवाला करा.’’ मुलगी म्हणाली, ‘‘नको काका, निळा करा.’’ पोरीला जास्त कळत होतं. स्पर्धेच्या रायफलींचे ॲल्युमिनियमचे दस्ते लाल, निळे, चंदेरी असतात. आणि आंतरराष्ट्रीय नेमबाजीच्या नियमांत कॅमोफ्लाजचे कपडे घालायलाच मनाई आहे. लक्ष्याला कुठे डोळे असतात? निळाच केला. गाल टेकतो तिथे चकचकीत लॅकर मारला नाही, घामाने गाल घसरतो.

एका कामाला मात्र माझा साफ नकार असतो. जत्रेतलं प्लास्टिकचं पिस्तूल आणून पोरं म्हणतात, खऱ्यासारखं काळं करून द्या. अमेरिकेत खेळण्यातल्या बंदुकीच्या नळीला कायद्याने नारिंगी टोक लावतात, आणि त्याच देशात खरी पिस्तुलं गुलाबी रंगात विकली जातात. अंधारात पोलिसाने ओळखायचं तरी काय? काळ्या रंगाचे डबे माझ्याकडे पडलेले असतात, पण मी पोराला सांगतो, बापाला घेऊन ये, मग बघू. बाप काही येत नाही.